सुट्या भागांची साक्ष

एखाद्या जुन्या वाड्याच्या तळघरांत किंवा कित्येक वर्षें बंद असलेल्या मोटारखान्यांत पितळेचा एक जाडजूड दिवा सांपडतो. कांच तडकलेली, वर हिरवा गंज, आंत कोळ्याचें घर. घरांतील वडील माणूस सांगतो कीं, आजोबांची मोटार होती, तिचा हा दिवा. मोटार कोणत्या सालची, असें विचारलें तर बहुधा उत्तर येतें, "पहिल्या लढाईच्या आधींची." कशावरून? तर आजोबा तसें सांगत असत. कौटुंबिक परंपरेचा पुरा मान राखूनहि म्हणावें लागतें कीं, या बाबतींत आजोबांपेक्षां दिव्याची साक्ष अधिक भरंवशाची असते. मात्र ती ऐकण्याची रीत ठाऊक असली पाहिजे. ती रीत कोणती, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा केवळ हौशी लोकांचा रिकामपणचा उद्योग नव्हे. लंडनपासून ब्रायटनपर्यंत दर वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत जुन्या मोटारींची एक यात्रा निघते. १८९६ सालच्या नोव्हेंबरांत इंग्लंडमधील रस्त्यांवर मोटारींना असलेलीं जाचक बंधनें सैल झालीं, त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ तारखेस पहिली फेरी निघाली होती. तिचें स्मरण म्हणून १९२७ पासून ही यात्रा सुरू झाली. तिच्यांत प्रवेश मिळतो तो १ जानेवारी १९०५ पूर्वीं बनलेल्या गाडीसच. १९०४ च्या डिसेंबरांतील गाडी आणि १९०५ च्या फेब्रुवारींतील गाडी यांत डोळ्यांना दिसणारा फरक पुष्कळदां कांहींच नसतो; पण एक वाजतगाजत ब्रायटनला जाते, दुसरी घरींच राहते, आणि दोघींच्या किंमतींत मोठें अंतर पडतें. १९३० सालीं स्थापन झालेला तेथील 'व्हेटरन कार क्लब' अशा गाड्यांचीं वयें ठरवून दाखले देतो. आपल्याकडेहि २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेल्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या खाजगी गाड्यांसाठीं नोंदणीचा निराळा वर्ग केला. 'मूळ स्वरूप' हे दोन शब्द लिहावयास सोपे आहेत. गाडीचा कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून बसविलेला, हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे त्यांचें वजन कळतें.

मोटारीच्या पुढच्या बाजूस जी पितळी पाटी असते, तिच्यावर कारखान्याचें नांव, क्रमांक, क्वचित् सालहि असतें. नवखा मनुष्य तेवढ्यावर विसंबतो. परंतु पाटी चार स्क्रूंनीं बसविलेली असते, आणि जी वस्तु चार स्क्रूंनीं बसते ती चार स्क्रूंनीं निघतेहि. म्हणून जाणता परीक्षक पाटी सर्वांत शेवटीं वाचतो. आधीं तो भागांकडे वळतो.

आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची चाल आहे. तांब्यावर 'चि. सौ. कां.' अमुक हिच्या लग्नांत अमुक मामांनीं दिल्याचें कोरलेलें असतें, खालीं तिथि-मिति असते. त्यावरून तांब्या केव्हां घडविला हें कळत नाहीं. तो त्या तिथीनंतरचा नाहीं, एवढेंच कळतें. मोटारीच्या भागावरील खूण बहुधा याच्या उलट बोलते: हा भाग अमुक वर्षाच्या आधींचा नाहीं. पुरलेल्या हंड्यांत नाणीं सांपडलीं तर संशोधक त्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें शोधतो, कारण हंडा त्याच्याआधीं पुरलेला असूं शकत नाहीं. गाडीचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच कीं, हंड्यांत मागाहून कोणी नाणें टाकीत नाहीं; गाडींत मात्र दर दुरुस्तीच्या वेळीं एखादें नवें नाणें पडत असतें. म्हणून एका भागाच्या साक्षीवर निकाल देतां येत नाहीं. दहा साक्षीदार तपासावे लागतात, आणि त्यांपैकीं कोणते घरचे व कोणते भाडोत्री हें ओळखावें लागतें.

उदाहरणासाठीं फोर्डची 'मॉडेल टी' घेणें सोयीचें आहे, कारण जगांत तिचे भाग जितके विखुरले आहेत तितके दुसऱ्या कोणत्याहि जुन्या गाडीचे क्वचितच असतील. १९०८ च्या ऑक्टोबरांत ती बाजारांत आली व १९२७ च्या मे महिन्यांत तिचें उत्पादन थांबलें. तेवढ्या अवधींत दीड कोटि गाड्या बाहेर पडल्या. ती कधीं बदललीच नाहीं, असा एक समज आहे. तो निराधार आहे. अगदीं पहिल्या अडीच हजार गाड्यांच्या एंजिनांत पाणी खेळविण्यासाठीं पंप होता. पुढें तो काढून टाकला, आणि ऊन पाणी वर चढतें व गार पाणी खालीं उतरतें या साध्या गुणावरच काम भागविलें. पितळी रेडिएटर १९१६ च्या नमुन्यापर्यंत टिकला. १९१७ च्या नमुन्यास काळें पोलादी आवरण आलें, आणि त्याच नमुन्यांत एंजिनाच्या माथ्यावरील ओतीव झांकण पूर्वींपेक्षां उंच झालें. पुढले मोठे दिवे प्रथम कार्बाइडच्या गॅसवर जळत; १९१५ च्या नमुन्यापासून ते विजेवर पेटूं लागले. बाजूचे लहान दिवे त्यानंतरहि कांहीं वर्षें घासलेटवरच चालत. १९१९ सालीं विजेनें एंजिन सुरू करण्याची सोय झाली, व तिच्याकरितां एंजिनाच्या ओतीव धडांतच फेरफार करावा लागला. एवढें ठाऊक असलें म्हणजे, ज्या दिव्याला गॅसची नळी जोडण्याचें तोंड आहे तो १९२० च्या गाडीचा मूळचा दिवा नव्हे, आणि ज्या धडांत स्टार्टरची जागा आहे तें १९१२ सालचें नव्हे, हें सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज उरत नाहीं. फोर्डचा कारखाना हे पितळी दिवे स्वतः करीत नसे, 'ई. अँड जे.', 'जॉन ब्राउन' इत्यादि दिवेवाल्यांकडून ते घेई. तेव्हां दिव्यावर फोर्डचें नांव नाहीं म्हणून तो परका, असें समजूं नये.

या गाडीच्या एंजिनावर दोन निरनिराळे आंकडे असतात आणि नवशिक्या येथेंच फसतो. एक असतो अनुक्रमांक. तो एंजिन जोडून झाल्यावर ठोकलेला असतो. १९१५ च्या डिसेंबरांत दहा लाखावी गाडी बाहेर पडली, यावरून हे क्रमांक किती वेगानें चढले त्याची कल्पना येते. दुसरा आंकडा ओतकामाचा. तो ठोकलेला नसून सांच्यांतूनच उठून आलेला असतो, म्हणून त्याचीं अक्षरें वर आलेलीं असतात. समजा, तेथें ५, ९, १७ असे तीन आंकडे आहेत. आपला मनुष्य ते ५ सप्टेंबर १९१७ असे वाचील. अमेरिकन लोक महिना आधीं लिहितात. ती तारीख ९ मे १९१७ आहे. ओतल्यापासून एंजिन पुरें होईपर्यंत थोडा काळ जाणारच, तेव्हां अनुक्रमांकाचा दिवस ओतकामाच्या तारखेनंतर लवकरच आला तर दोन्ही साक्षी जुळल्या. तो ओतकामाच्या आधींचा निघाला तर मात्र कोणी तरी कानस चालविली आहे, यांत संशय नको. ओतीव धड जन्मण्यापूर्वीं त्याला क्रमांक मिळाला, असें कसें होईल?

आणखी एक गुंता असा कीं, फोर्डनें बहुतेक काळ चॅसीवर निराळा क्रमांक घातलाच नाहीं. एंजिनाचा क्रमांक तोच गाडीचा क्रमांक. एंजिन बदललें कीं कागदोपत्रीं गाडीचा जन्मच बदलला. त्यांतच, गाडी १९२७ सालीं बंद झाली तरी तिचें एंजिन कारखाना १९४१ च्या ऑगस्टपर्यंत करीत होता. जुन्या गाड्यांना आणि इतर कामांना तें लागत असे. म्हणजे 'मॉडेल टी'चें एंजिन हातीं आलें एवढ्यावरून तें १९२७ च्या आधींचें ठरत नाहीं. उलट १९२५ च्या एंजिनावर चालणारी गाडी १९१४ ची असूं शकते. फक्त तें सिद्ध करण्यासाठीं उरलेल्या गाडीकडे पाहावें लागतें.

हिंदुस्थानांत ज्या फोर्ड आल्या त्यांची हकीकत थोडी निराळी आहे. ब्रिटिश साम्राज्यांतील ग्रेट ब्रिटन व आयर्लंड सोडून बाकीचे देश फोर्डच्या कॅनडांतील कंपनीच्या वांट्यास आले होते. मुंबईच्या बंदरांत उतरलेली 'मॉडेल टी' म्हणून डेट्रॉइटची नव्हे, आँटॅरिओ प्रांतांतील वॉकरव्हिलची असावयाची. तेथील एंजिनांच्या क्रमांकाआधीं 'सी' हें अक्षर ठोकीत. पण याहून गमतीची खूण लांकडी सांगाड्यांत असते. पीटर रॉबर्टसन नांवाच्या कॅनेडियन गृहस्थानें माथ्यांत चौकोनी खळगा असलेला स्क्रू शोधून काढला व १९०९ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पेंचकस त्यांतून निसटत नसे, म्हणून काम झपाट्यानें होई. फोर्डच्या कॅनडांतील गाड्यांचे सांगाडे जोडण्यांत हे स्क्रू भरपूर वापरले गेले. आसनाखालच्या फळ्या उचलून पाहतां चौकोनी खळग्याचे जुने स्क्रू दिसले तर ती मूळची कॅनडाची गाडी, असें बऱ्याच खात्रीनें म्हणतां येतें. आपल्याकडील मिस्त्री हे स्क्रू पाहून गोंधळतात आणि ते काढून साधे बसवितात. गाडीचा जन्मदाखला अशा रीतीनें भंगारांत जातो.

स्क्रूंचाच विषय निघाला आहे तर फुलीच्या खांचेचा स्क्रूहि पाहावा. तो फिलिप्स नांवाच्या अमेरिकनानें पुढें आणला, आणि मोटारींच्या कारखान्यांत तो १९३६ च्या सुमारास जनरल मोटर्सनें प्रथम वापरला. १९२८ ची म्हणून विकावयास आलेल्या गाडीच्या दाराच्या कडीला फुलीचे स्क्रू असतील, तर निदान ती कडी पुन्हां बसविलेली आहे. गाडी खोटी आहे असें मात्र त्यावरून म्हणूं नये. येवढ्यावर गाडीला खोटी ठरविणारे अर्धवट जाणते या क्षेत्रांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा उपद्रव अजाणांपेक्षां अधिक होतो.

नटबोल्टांचे आटे हा याहून सूक्ष्म पुरावा. इंग्लंडांत १८४१ पासून व्हिटवर्थचे पंचावन्न अंशांचे आटे रूढ झाले. अमेरिकेंत १८६४ पासून सेलर्सचे साठ अंशांचे. १९०८ सालीं इंग्रजांनीं मोटारीसारख्या कांपणाऱ्या यंत्रांसाठीं बारीक आट्यांचें प्रमाण ठरविलें. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं मिळून एकच 'युनिफाइड' आटा स्वीकारला तो १९४८ च्या नोव्हेंबरांत. आटे मोजण्याची दांतेरी पट्टी कोणत्याहि हत्यारांच्या दुकानांत मिळते. ती लावून पाहिली तर बोल्ट कोणत्या देशाचा व साधारण कोणत्या काळाचा हें कळूं लागतें. तथापि येथेंहि एक फसवणूक आहे, आणि ती कोणी लबाडीनें केलेली नाहीं. पहिल्या महायुद्धानंतरच्या मॉरिस गाड्यांचीं एंजिनें कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यांत होत. तेथील यंत्रें फ्रेंच मापांचीं, तेव्हां आटे मिलिमीटरचे पडले. पण इंग्रज गिऱ्हाइकांजवळ पाने व्हिटवर्थचे, म्हणून नटांचीं तोंडें व्हिटवर्थच्या मापाचीं ठेवलीं. मॉरिसनें तो कारखाना १९२३ सालीं विकत घेतला तरी हा संसार पुढें वर्षानुवर्षें तसाच चालला. अशा एंजिनाचा बोल्ट पान्यास बरोबर बसतो आणि भोकांत इंग्रजी नट जात नाहीं. किती मिस्त्रींनीं तो बळेंच पिळून ओतीव धड फोडलें असेल! परंतु परीक्षकाला हाच विचित्र बोल्ट सोन्याच्या मोलाचा, कारण तो नकली करण्याचें कष्ट सहसा कोणी घेत नाहीं.

भागांवरील नांवें व चिन्हेंहि अशींच वाचावयाचीं. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीचा उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ सालीं तयार झाला. पण वर्तुळांत आर्मेचर असें जें तिचें प्रसिद्ध बोधचिन्ह, तें १९१८ सालीं काढलेलें आहे. तें चिन्ह असलेला मॅग्नेटो १९१० च्या गाडीवर दिसला तर तो मागाहून आलेला. अमेरिकेंतील ए. सी. स्पार्क प्लग कंपनीनें हें नांव १९२२ सालीं घेतलें. तत्पूर्वीं ती 'चँपियन इग्निशन कंपनी' म्हणून चाले. ल्यूकस कंपनीच्या १९३० नंतरच्या बऱ्याचशा विजेच्या भागांवर महिना आणि वर्ष उघड ठोकलेलें असतें. इतका सरळमार्गी साक्षीदार विरळा.

पेटंटाचा क्रमांक हा पुष्कळांना हुकमी पुरावा वाटतो. तो तसा आहे, पण फक्त एका बाजूनें. पेटंट १९११ चें असलें तरी भाग १९२५ सालीं बनलेला असूं शकतो. शिवाय इंग्लंडांत १९१५ अखेरपर्यंत पेटंटांचे क्रमांक दर वर्षीं पुन्हां एकापासून सुरू होत. म्हणून नुसता '८४२६' असा आंकडा सांपडला, सालाचा उल्लेख नसला, तर त्यावरून कांहींच निघत नाहीं. १९१६ पासून एक लाखाच्या पुढें सलग मालिका सुरू झाली, तेव्हांपासून मात्र क्रमांकावरून वर्ष काढतां येतें. अमेरिकेंत मालिका आधींपासूनच सलग होती. तेथील दहा लाखावें पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजीं दिलें गेलें, आणि योगायोग असा कीं, तें गाडीच्या टायरसाठींच होतें.

धातु व मुलामा यांकडे पाहण्यास तर पुस्तकहि लागत नाहीं, डोळे पुरतात. पितळेचें युग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ओसरलें. मग निकेलचा मुलामा आला. आणि १९२५ नंतरच्या चार-पांच वर्षांत क्रोमियमनें निकेलला हुसकून लावलें. निकेलची झळाळी किंचित् पिवळसर व ऊबदार असते, ती कालांतरानें मंदावते. क्रोमियमची निळसर व थंड असते. १९२२ च्या गाडीचा रेडिएटर आरशासारखा निळसर चमकत असेल तर तो अलीकडे कोणी तरी हौसेनें चमकविलेला आहे. काळें चकचकीत बेकेलाइट १९०९ सालीं जगापुढें आलें. त्यापूर्वींच्या विजेच्या भागांत एबोनाइट, अभ्रक, चिनी माती हेच विद्युत्-रोधक. आणि जस्ताच्या मिश्रधातूचे जे जुने ओतीव भाग असतात, त्यांत शिशासारख्या अशुद्ध धातूचा अंश राहिला असल्यास ते आंतून फुगतात, तडकतात आणि शेवटीं चुनकळीप्रमाणें बोटांत चुरतात. १९२९ च्या सुमारास अतिशुद्ध जस्ताचे मिश्रधातु निघाले व हा रोग आटोक्यांत आला. चुरणारा कार्ब्युरेटर मालकाला रडवितो; तो जुना असल्याची ग्वाहीहि तोच देतो.

सर्वांत मोठी हानि होते ती मात्र काळानें नव्हे, स्वच्छतेच्या आवडीनें. भाग सांपडला कीं प्रथम त्याला चिंच लावावी, मग काचकागदानें घांसावा, मग पॉलिशवाल्याकडे द्यावा, हा आपला शिरस्ता. देवघरांतील समईला तो योग्य आहे. मोटारीच्या भागावर मूळ रंगाचा शेवटचा कण भेगेंत अडकलेला असतो, ठोकलेल्या आंकड्याच्या कडा पुसट राहिलेल्या असतात, आणि पॉलिशचें चाक दोन मिनिटांत दोन्ही नाहींसे करतें. आधीं वाचावें, लिहून ठेवावें, छायाचित्र घ्यावें. पुसट आंकड्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरविली तर तो उमटतो. नंतर हवें तर घांसावें. न घांसलें तर उत्तमच.

भागांची साक्ष कोठवर न्यावी, याचा निवाडा एकदां लंडनच्या न्यायालयांतहि झाला आहे. बेंटली कंपनीची 'स्पीड सिक्स' जातीची एक गाडी 'ओल्ड नंबर वन' या नांवानें ओळखली जाते. १९२९ व १९३० या दोन्ही सालीं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत ती पहिली आली. पुढें तिच्यांत आठ लिटरचें मोठें एंजिन बसविलें. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यु पावला. तिचे अवशेष घेऊन गाडी पुन्हां बांधण्यांत आली, आणि नंतरहि तिच्यांत बदल होत राहिले. १९९० सालीं तिचा एक कोटि पौंडांचा सौदा ठरला. मग खरेदीदार कंपनीनें पैसे देण्याचें नाकारलें: ही ती गाडीच नव्हे!

न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञांनीं एकेक भाग काढून त्याचें वय सांगितलें. हिशेब असा निघाला कीं, १९२९ च्या विजयी गाडीपैकीं, ज्यांचा काळ ठरवितां येत नाहीं अशा किरकोळ जोडण्यांखेरीज कांहीं उरलेलें नाहीं; १९३० च्या गाडीपैकीं पेडलचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि सुकाणूचा खांब एवढेंच; १९३२ च्या गाडीचे आंस वगैरे आणखी कांहीं भाग. केवळ भागांची मोजदाद करावयाची तर खरेदीदाराचें म्हणणें बिनतोड होतें. परंतु न्यायमूर्तींनीं दुसराहि प्रश्न विचारला: या गाडीचें अस्तित्व मध्येंच कधीं खंडित झालें काय? कोणी तिला मोडीत काढून तिच्या नांवानें दुसरी उभी केली काय? तसें झालें नव्हतें. बदल झाले ते एकामागून एक, चालत्या गाडींत, बहुतेक शर्यतीच्या गरजेपोटीं. आणि प्रत्येक बदलाचा माग लागत होता. म्हणून ती जशीच्या तशी मूळची नसली तरी अस्सल 'ओल्ड नंबर वन' आहे, असा निर्णय त्यांनीं विक्रेत्याच्या बाजूनें दिला.

हा निर्णय सर्वांस पटला असें नाहीं. तिच्या चाहत्यांत तो वाद अजूनहि रंगतो, व रंगावा. पण ज्या कारणानें विक्रेता जिंकला तें ध्यानांत घेण्यासारखें आहे: कोणता भाग कधीं निघाला व त्या जागीं कोणता आला याची सांखळी त्याला दाखवितां आली. ती सांखळी नसती, तर पेडलचा एक दांडा आणि एक खांब यांवर एक कोटि पौंडांचा दावा उभा राहता ना. याकरितांच इंग्लंड-अमेरिकेंतील जाणते मालक नवा भाग बसवितांना जुना फेंकून देत नाहींत. मोडका असला तरी तेलाचा हात देऊन तो पेटींत ठेवतात आणि त्याला सुतळीनें एक चिठ्ठी बांधतात: कोठून काढला, कोणत्या दिवशीं काढला, त्याच्या जागीं काय बसविलें, आणि तें कोठून आणलें.